सुधारित आवृत्ती सात

आई फोनवर विचारते, "आंघोळ झाली का?"
जणू ते एकच काम आहे.
मी मोजलीत. एकोणीस आहेत.
चौथ्यावर, टॉवेल शोधताना,
मला दोरीवरचा चिमटा दिसतो,
चिमट्याची स्प्रिंग,
आणि मग साडेअकरा वाजलेले असतात.

घरी म्हणायचे आळशी. शाळेत, धांदरट.
"हुशार आहे हो, पण"
त्या पणच्या पुढच्या रिकाम्या जागेत
मी तीस वर्षं राहिले.
आता नेरूळला राहते, भाड्याने, तिसऱ्या मजल्यावर.

खाली दत्ताराम तांडेल.
सिडकोत ड्राफ्ट्समन होते.
सांगतात, हे शहर आधी कागदावर उमटलं,
खाली मिठागरं, भातखाचरं, वर आमच्या पेन्सिली.
(एका पेन्सिलीखाली त्यांच्याच चुलत्याचं खाचर होतं.
हे एकदाच बोलले, मग बराच वेळ चहा गाळत राहिले.)

गॅस बंद केला का बघायला
मी तिसऱ्यांदा जिना चढत होते, तेव्हा त्यांना सांगितलं.
नको तेवढं सांगितलं, कुठे थांबायचं ते मला कळत नाही.
ते "होतं असं सगळ्यांचंच" म्हणाले नाहीत.
म्हणाले, "बाथरूमचं दार आत उघडतं की बाहेर?"

रविवारी ट्रेसिंग पेपर आला.
माझं घर, वरून पाहिलेलं.
पलंगापासून बाण, बाणांवर आकडे.
एक: पाय जमिनीवर. एवढंच.
टॉवेलची खुंटी दाराच्या आत, लाल शाईत.
कोपऱ्यात उत्तरेची खूण.
"उत्तर कशाला?"
"नकाशाला लागते."
आणि खाली चौकट:
रेखाटन, द. तांडेल.
तपासले, कोरं.
ती जागा माझी. माझी सही नाही तोवर नकाशा कच्चा.

पहिली आवृत्ती फसली, दूध उतू गेलं.
दुसरीत मी सहाव्या आकड्याशी रडले,
सहा म्हणजे नाश्ता,
आणि नाश्ता हे काम नाही, अख्खी वसाहत आहे.
"मग प्लॉट पाडू," ते म्हणाले.

भांडी साचली की ते दारात खुर्ची टाकून
पेपर वाचतात. मदत करत नाहीत. नुसते असतात.
कुणी असलं की माझे हात सुरू होतात.
का, ते मला विचारू नका.

कधी कधी बोलणंच बंद होतं.
घशाशी सगळं असतं, फक्त कडी बाहेरून.
त्या दिवसांसाठी दाराशी तीन कार्डं टांगलेली:
हो. नाही. आत्ता शब्द नाहीत.
अक्षर त्यांचंच, शिरोरेघ पट्टीने मारलेली.
मेसेज केल्याशिवाय ते दार वाजवत नाहीत.
एका मेसेजात एकच प्रश्न,
शेवटी "उत्तराची घाई नाही",
दर वेळी, पत्राखालच्या "आपला नम्र"सारखं.

नोव्हेंबरात दार वाजलं. मेसेज नव्हता.
तांडेल. हातात पेन्शनचा फॉर्म.
पत्नीचे नाव, आणि पुढे रेघ.
उन्हाळ्यात कुमुदताई गेल्या होत्या.
त्यांनी तोंड उघडलं, मिटलं,
आणि माझ्या दाराशी टांगलेलं
तिसरं कार्ड काढून मला दाखवलं.

मी काही विचारलं नाही. तेवढं मला येतं.
खुर्ची ओढली, समोर माझा लॅपटॉप उघडला
आणि माझं काम करत बसले.
नुसती असले.
तासाभराने एका पाठकोऱ्या कागदावर
टेबल काढलं, खुर्ची काढली, बाण काढला.
एक: चष्मा.
पंख्याचा आवाज. बऱ्याच वेळाने
त्यांनी चष्मा लावला.

त्या संध्याकाळी फॉर्म भरून झाला, असं लिहिलं तर खोटं होईल.
नाही झाला.
दोनपाशी अडला, दुसऱ्या दिवशी अकराला झाला.
पण उठताना त्यांनी माझा नकाशा उजेडात धरला,
कोपऱ्यात बोट ठेवलं,
आणि त्या दिवसाचा पहिला शब्द बोलले:
"खोडरबर?
उत्तर इकडे नाही."